मुलगा म्हणतो मर्चंट नेव्ही. नॉटिकल सायन्सबद्दल खरंखरं सांगाल का?

वाशिष्ठी | ३ डिसेंबर, रात्री १०:१४

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसतं वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मुलगा बारावी सायन्सला आहे, इथे चिपळूणलाच. गणपतीपर्यंत इंजिनिअरिंग ठरलेलं होतं. गणपतीत मुंबईचा मामेभाऊ आला, त्याचा कोणी मित्र जहाजावर आहे, आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. आमच्या सात पिढ्यांत कोणी समुद्रावर गेलेलं नाही. आमचा समुद्राशी संबंध म्हणजे वर्षातून एकदा गुहागरला पाय बुडवणे आणि रविवारची सुरमई.

मागच्या आठवड्यात एका हॉटेलच्या हॉलमध्ये सेमिनार होता, तिथे आम्ही तिघं गेलो. पांढऱ्या गणवेशातले दोन जण, मोठा पडदा, जहाजांची चित्रं. एका वर्षाचा कोर्स, सहा लाख, 'शंभर टक्के प्लेसमेंट'. महिनाअखेरीपर्यंत ५० हजार भरले तर सीट पक्की म्हणाले. ह्यांनी चेकबुक काढलंच होतं, मी बाहेर चहाला म्हणून नेलं.

पीसीएमला सत्तरच्या आसपास पडतील. नॉटिकल सायन्स म्हणजे नक्की काय शिकवतात? पैसे भरावेत का? मुलगा एकुलता आहे, हेही डोक्यात आहे, खोटं कशाला सांगू.

---

ध्रुवतारा | ३ डिसेंबर, रात्री ११:५२

वाशिष्ठीताई, चहाला नेलंत ते फार बरं केलंत. ५० हजार भरू नका. आधी डोळे तपासा.

मी चीफ ऑफिसर आहे, सध्या सुट्टीवर घरी. दर सुट्टीत कोणीतरी मुलाला घेऊन येतं आणि माझा पहिला प्रश्न मार्कांचा नसतो. चष्मा आहे का? डेकच्या बाजूला, म्हणजे जहाज हाकणाऱ्या नॉटिकलला, बिनचष्म्याची नजर लागते. आणि रंगांधळेपणा असेल तर विषयच संपला. ठिपक्यांच्या गोलात लपलेले आकडे वाचायचे असतात, इशिहारा टेस्ट म्हणतात. रात्री समोरून येणाऱ्या जहाजाचा तांबडा दिवा दिसतोय की हिरवा, यावर कोणी कुठे वळायचं ते ठरतं, म्हणून इतकं कडक. तपासणी डीजी शिपिंगने, म्हणजे जहाजांच्या केंद्र सरकारी खात्याने, मान्यता दिलेल्या डॉक्टरकडेच करा, त्यांची यादी डीजीच्या साइटवर आहे. गावातल्या डोळ्यांच्या डॉक्टरने 'नॉर्मल' म्हटलं त्याला इथे किंमत नाही. फी भरून, केस कापून, ट्रंक घेऊन गेलेला मुलगा मेडिकलला बाद होऊन परत आलेला मी पाहिलाय. त्याचे वडील माझ्यासमोर बसून हिशोब करत होते की किती परत मिळतील.

आता मार्ग. बारावीला पीसीएमला ६० टक्के, इंग्रजीत दहावी किंवा बारावीला ५०, आणि आयएमयूची सीईटी. आयएमयू म्हणजे इंडियन मॅरिटाइम युनिव्हर्सिटी, २००८ची केंद्रीय युनिव्हर्सिटी, मुख्यालय चेन्नईला. त्यापुढे दोन वाटा. डीएनएस, म्हणजे एक वर्ष कॉलेज आणि मग कॅडेट, म्हणजे शिकाऊ ऑफिसर, म्हणून १८ महिने जहाज. किंवा बीएस्सी नॉटिकल, तीन वर्षं कॉलेज आणि मग १२ महिने जहाज. दोन्ही वाटा सेकंड मेटच्या, म्हणजे ऑफिसर होण्याच्या पहिल्या, परीक्षेपाशी येऊन मिळतात. डीएनएसवाल्याला पुढे अप्लाइड नॉटिकलची बीएस्सी मिळते, त्यामुळे 'पदवीचं काय' ही काळजी नको.

खरी मेख पुढे आहे. कॉलेज मिळणं सोपं, जहाज मिळणं अवघड. ते १८ महिने भरल्याशिवाय तुमचा डिप्लोमा म्हणजे भिंतीवरची फ्रेम. म्हणून आधी कंपनीचं स्पॉन्सरशिप लेटर, म्हणजे कोर्सनंतर जहाजावर घेऊ असं लेखी, मग कॉलेज. मोठ्या शिपिंग कंपन्या आणि जहाजं सांभाळणाऱ्या मॅनेजमेंट कंपन्या स्वतःची लेखी परीक्षा आणि मुलाखत घेतात. हाच हंगाम आहे, आतापासून उन्हाळ्यापर्यंत. जाहिराती बघत राहा, चारपाच ठिकाणी अर्ज टाका. लेटर हातात असेल तर सहा लाखांचा विचार करा. 'शंभर टक्के प्लेसमेंट' हे लेटर नव्हे. सेमिनारवाल्यांना एवढंच विचारा: कोणत्या कंपनीचं लेटर, कोणत्या तारखेला, लेखी देणार का?

---

चहाबिस्कुट | ४ डिसेंबर, सकाळी ७:३०

बाळबोध प्रश्न. हे आणि इंडियन नेव्ही एकच का? आमच्या सोसायटीत एक जण आहे, त्याला सगळे 'नेव्हीत आहे' म्हणतात आणि २६ जानेवारीला झेंडावंदनाला पुढे उभा करतात.

---

ध्रुवतारा | ४ डिसेंबर, सकाळी ८:०५

नाही. ते देशाचं रक्षण करतात, आम्ही तुमचं तेल, कोळसा, गहू आणि चायनीज खेळणी आणतो. मलाही एकदा पुढे उभं केलं होतं, मी गप्प उभा राहिलो. जिलबी चांगली होती.

---

हर्णैकर | ४ डिसेंबर, दुपारी १:१७

रत्नागिरी जिल्ह्यात राहून 'कोणी समुद्रावर गेलं नाही' म्हणता म्हणून लिहितो. आमच्या खाडीपट्ट्यात घरटी एक सीडीसी, म्हणजे खलाशाचं सरकारी नोंदपुस्तक, निघेल. माझे आजोबा इंग्रजांच्या कंपनीत खलाशी लागले आणि सारंग होऊन उतरले. सारंग म्हणजे आताचा बोसन, डेकवरच्या खलाशांचा मुकादम. सुकाणू धरणारा सुकाणी, सारंगाच्या हाताखालचा टिंडल, वर सारंग, अशी सगळी उतरंड आपल्याच शब्दांत होती, गोरे साहेबसुद्धा 'सेरांग' म्हणून हाक मारायचे. गोव्याकडचे लोक जास्त करून भटारखान्यात आणि सलूनमध्ये, म्हणजे साहेबांच्या जेवणघरात, त्यांना तिकडे तारवटी म्हणतात. साहेब होणारे मात्र आपल्यातले फार थोडे. आता तुमच्या पोरासारखी पोरं थेट ऑफिसर म्हणून जातात, तेव्हा बरं वाटतं.

पण एजंटापासून जपा. आमच्याच वाडीतला पोरगा, दहावी पास. एजंटाने तीन लाख घेतले. सीडीसी दिला, तिकीट दिलं, आखातातल्या एका बंदरात एका गंजक्या बार्जवर नेऊन टाकला. चार महिने पगार नाही, प्यायचं पाणी मोजून. घरचे कलेक्टर, खासदार, सगळ्यांकडे फिरले. परत आला तेव्हा कळलं की सीडीसीच खोटा. आता त्याला खऱ्या सीडीसीसाठीही अडचण. म्हशी विकून भरलेले पैसे होते ते.

---

आठ_ते_बारा | ४ डिसेंबर, रात्री ९:४०

हर्णैकर यांच्या मुद्द्याला जोडून. खलाशाला नोकरी लावण्यासाठी त्याच्याकडून पैसे घेणं बेकायदेशीर आहे, आपल्याकडेही आणि आंतरराष्ट्रीय कामगार कराराप्रमाणेही. भरती करणाऱ्याकडे आरपीएसएल हे खलाशी भरतीचं सरकारी लायसन्स लागतं, त्याचा नंबर डीजी शिपिंगच्या साइटवर टाकला की दोन मिनिटांत कळतं. जो 'जॉइनिंगचे' पैसे मागतो त्याच्याशी पुढे बोलूच नये. इतकं साधं आहे, तरी दरवर्षी पोरं फसतात.

मी थर्ड ऑफिसर आहे, आयडीवरून वॉच, म्हणजे माझी पहाऱ्याची पाळी, कळलाच असेल. आणि हो, मुलगी आहे. आईबाबांनी वर्षभर 'आमची बाहेरगावी असते' एवढंच सांगितलं नातेवाइकांना. मग कोणीतरी कॅप्टन राधिका मेनन यांची बातमी दाखवली. २०१५ साली बंगालच्या उपसागरात तुफानात सापडलेल्या होडीवरून त्यांनी सात मच्छीमार वाचवले आणि दुसऱ्या वर्षी आयएमओचं, म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचं, शौर्यपदक मिळवलं. त्यानंतर आमच्या बाबांची छाती जरा रुंद झाली.

वाशिष्ठीताई, प्री-सी, म्हणजे जहाजावर जाण्याआधीच्या, ट्रेनिंगबद्दल सांगते. पहाटे साडेपाचला पीटी, मग ब्रास पॉलिश, इन्स्पेक्शन, परेड, मग दिवसभर वर्ग. पहिल्या आठवड्यात अर्धी बॅच रडते, मुलगेसुद्धा. बिछान्याच्या चादरीची घडी पट्टीने मोजतात. मला तेव्हा हा वेडेपणा वाटायचा. आता बारा डिग्री कलंडणाऱ्या जहाजात माझं एकही कपाट उघडून सामान बाहेर पडत नाही, तेव्हा कळतं.

नेरुळजवळची टीएस चाणक्य बघायला जमलं तर मुलाला घेऊन जा, निदान बाहेरून. टीएस म्हणजे ट्रेनिंग शिप, पण ती आहे जमिनीवर. मूळची 'डफरिन' खरोखरची बोट होती, १९२७पासून माझगावसमोर नांगरून ठेवलेली. १९७२ला तिच्या जागी 'राजेंद्र' आली आणि १९९३ला सगळं नेरुळच्या इमारतीत हललं, तरी नावातलं जहाज काही गेलं नाही. मागच्या पाणथळीत हिवाळा-उन्हाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवेच्या थवे उतरतात. परेडमध्ये 'सावधान' असताना डोक्यावरून गुलाबी रांग गेली तरी मान वर करायची नाही.

---

वाशिष्ठी | ५ डिसेंबर, रात्री १०:३१

सगळ्यांचे खूप आभार. सेमिनारवाल्यांना फोन केला, लेखी देता का विचारलं. 'मॅडम, विश्वासावर चालतं हे' म्हणाले. विषय संपला.

पण शिकवतात काय ते कोणी सांगा ना. चिरंजीव म्हणतात, जीपीएस असताना आता शिकायला काय उरलंय, बटणं तर दाबायची.

---

ध्रुवतारा | ६ डिसेंबर, रात्री १२:२०

चिरंजीवांना हे वाचून दाखवा.

मी कॅडेट होतो. मे महिना, वीस तारीख. मुंद्रा सोडून सिंगापूरकडे निघालेलो, केरळच्या खाली, कन्याकुमारीच्या पश्चिमेला. कॅप्टनने जीपीएसच्या स्क्रीनवर चार्टचा, म्हणजे समुद्राच्या नकाशाचा, एक जुना कागद चिकटवला आणि लाकडी पेटीतून सूर्याचा कोन मोजायचा सेक्स्टंट माझ्या हातात दिला. 'सांग, कुठे आहोत?'

दुपारचा साइट म्हणजे असं: सेक्स्टंटच्या दुर्बिणीतून काळ्या काचेआडचा सूर्य दिसतो, एका बाजूला क्षितिज. स्क्रू फिरवत फिरवत सूर्याला खाली आणायचं आणि त्याची खालची कड क्षितिजावर अलगद टेकवायची. जहाज डोलतंय, घाम डोळ्यात जातोय. सूर्य चढत असतो तोवर तो क्षितिजावरून सुटत राहतो, तुम्ही परत टेकवायचा. एका क्षणी तो सुटायचा थांबतो. तेच मध्यान्ह. तेव्हाचा कोन वाचायचा.

मला मिळाला ७८ अंश. ९०मधून वजा, उरले १२. पंचांगात, म्हणजे आमच्या नॉटिकल अल्मनॅकमध्ये, त्या दिवशी सूर्य विषुववृत्ताच्या २० अंश उत्तरेला. मी ऐटीत बेरीज केली. ३२ अंश उत्तर. कॅप्टनला कागद दिला. त्याने चार्ट बघितला नाही, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, 'थंडी वाजत नाही का तुला?' आमच्या रेखांशावर ३२ उत्तर म्हणजे धर्मशाळा! जहाज हिमालयात चढवलं होतं मी.

सूर्य आमच्या डोक्याच्या उत्तरेला होता, म्हणजे २०मधून १२ वजा करायचे होते. ८ अंश. बरोबर कन्याकुमारीच्या अक्षांशावर. चूक एका चिन्हाची. सेक्स्टंट धरून कुठल्या दिशेला तोंड करून उभा आहेस, एवढं लक्षात ठेवलं असतं तरी पुरे होतं.

नॉटिकल सायन्स म्हणजे साधारण हे. यंत्र जे सांगतंय ते खरं आहे का, हे स्वतःच्या डोक्याने ताडून बघता येणं. जीपीएस हल्ली जॅम होतो, खोटी जागा दाखवतो, युद्धं चालू असलेल्या पाण्यात तर सर्रास. त्या वेळी बटणं दाबणारा घाबरतो.

बाकी स्टॅबिलिटी हा विषय आहे, माल कसा भरला तर जहाज सरळ राहील याचं गणित. हवामान आहे, माल हाताळणी आहे, जहाजाची बांधणी आहे. आणि रूल ऑफ द रोड, म्हणजे समुद्रावरचे वाहतुकीचे नियम. त्याबद्दल वेगळं लिहीन, तो राक्षस आहे.

---

पोटभाडेकरू | ६ डिसेंबर, सकाळी ९:०२

ते सगळं सोडा, पगार डॉलरमध्ये आणि टॅक्स शून्य हे खरं का? माझा मेहुणा त्यावरच लग्नात भाव खाऊन गेला.

---

ध्रुवतारा | ६ डिसेंबर, सकाळी १०:४४

कॅडेटला महिन्याला काही शे डॉलर, त्याला स्टायपेंडच म्हणतात. ऑफिसर झाल्यावर आकडा वाढतो. टॅक्सचं असं, की परदेशी फेऱ्यांवर राहून आर्थिक वर्षात भारतातला मुक्काम १८२ दिवसांच्या आत राहिला तर एनआरआय. दिवस सीडीसीवरच्या साइन-ऑन आणि साइन-ऑफच्या, म्हणजे जहाजावर रुजू झाल्याच्या आणि सुटल्याच्या, शिक्क्यांवरून मोजतात. म्हणून मार्चमध्ये जहाजावर सगळे कॅलेंडर घेऊन बसलेले दिसतात. आणि जहाजावर नसाल त्या महिन्यांत बहुतेकांना पगार नसतो, हे मेहुण्याने सांगितलं नसेल.

---

बंदरावरची | ६ डिसेंबर, दुपारी ३:१५

मी लिहू की नको असा विचार करत होते. एकुलता म्हणालात म्हणून लिहिते.

माझा नवरा सेकंड ऑफिसर होता तेव्हा आमचं लग्न झालं. सासरे गेले तेव्हा तो ब्राझीलच्या वाटेवर होता. कंपनीने चांगलं वागवलं, पण समुद्राच्या मधोमध कोणाला उतरवणार? त्याने दहावा तेरावा व्हिडिओवर बघितला, तेही तुटत तुटत. २०२०ला त्याचं सहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट कोविडमुळे तेरा महिन्यांचं झालं, कुठलंच बंदर माणूस उतरवू देईना. लेक चालायला लागली होती तोवर, त्याला बघून माझ्यामागे लपली.

त्याचबरोबर हेही सांगते की घरी असतो तेव्हा चारचार महिने पूर्ण घरी असतो. शाळेच्या गॅदरिंगला कुठला बाप पूर्ण वेळ बसतो सांगा. मला स्वतःला या आयुष्याची चटक लागली आहे थोडी. बँक, गॅस, प्लंबर, वकील, सगळं मी बघते आणि तो आला की दोन दिवस मला त्याची अडचण होते.

तुमच्या मुलाला विचारा की आजीची शेवटची भेट चुकली तर चालेल का. उत्तर लगेच देऊ नको म्हणा.

---

हर्णैकर | ७ डिसेंबर, रात्री ८:५०

ध्रुवतारा, रूल ऑफ द रोडचं लिहा. आणि आमच्या बोटींना मोठी जहाजं दिसत नाहीत का, तेही. मागच्या वर्षी आमच्या शेजाऱ्याची जाळी एका मालवाहू जहाजाने ओढून नेली, तांडेल वायरलेसवर ओरडतोय आणि उत्तर नाही.

---

ध्रुवतारा | ७ डिसेंबर, रात्री ११:३६

हर्णैकर, दिसतात. हीच पंचाईत आहे, फार दिसतात. मुंबई ते रत्नागिरी रात्रीचा वॉच म्हणजे समोर पंढरीची वारी. नियमाप्रमाणे ट्रॉलिंग करणाऱ्याने पांढऱ्यावर हिरवा, इतर जाळीवाल्याने पांढऱ्यावर तांबडा दिवा लावायचा. तुमच्या लोकांनी एलईडीच्या निळ्या-जांभळ्या माळा लावलेल्या असतात, लग्नाच्या मंडपासारख्या. बोट कुठे तोंड करून आहे, जाळं कुठल्या बाजूला आहे, काही कळत नाही. पण वायरलेसला उत्तर न देणं ही आमच्या माणसाची चूक, त्याला माफी नाही.

नियम १९७२चे, कोलरेग्ज म्हणतात. सेकंड मेटच्या ओरलला, म्हणजे तोंडी परीक्षेला, एमएमडी या सरकारी कार्यालयात तीन फंक्शनचे, म्हणजे तीन विभागांचे, प्रश्न विचारतात आणि रूल्स कोरडे पाठ लागतात, शब्दन् शब्द. टेबलावर छोटी लाकडी जहाजं असतात. परीक्षक दोन जहाजं मांडतो आणि म्हणतो, 'तू हे आहेस. रात्र आहे. काय दिसतं, काय करशील?' मी पहिल्या खेपेला रूल ५, लुकआउटचा, घडाघडा म्हटला. 'ॲट ऑल टाइम्स' हे तीन शब्द गाळले. परीक्षकाने पेन खाली ठेवलं, 'म्हणजे अधूनमधून बघणार?' आणि पुढच्या महिन्यात या म्हणून सांगितलं. त्या तीन शब्दांनी माझे दोन महिने खाल्ले. आज माझ्या वॉचवर कॅडेट मोबाइल बघताना दिसला की मी तेच तीन शब्द म्हणतो, बाकी काही नाही.

---

आठ_ते_बारा | ८ डिसेंबर, सकाळी ६:१५

एक भर. आईबाबांना वादळ आणि चाचे यांचीच भीती असते. मुलाला दोन वेगळ्याच गोष्टी शिकवून पाठवा. धक्क्याला बांधताना ताणलेला दोर तुटला तर तो चाबकासारखा परत येतो, त्याच्या रेषेत उभं राहायचं नाही. आणि बंद टाकीत कोणी बेशुद्ध पडलेला दिसला तर वाचवायला तसंच उतरायचं नाही, आधी अलार्म. तीच हवा मदतीला धावलेल्यालाही मारते. कॅडेट उत्साही असतात, म्हणून सांगते.

---

वाशिष्ठी | १९ जानेवारी, रात्री ९:०८

बरेच दिवसांनी लिहितेय. मुंबईला जाऊन मान्यताप्राप्त डॉक्टरकडे तपासणी केली.

रंगांची टेस्ट झाली, सगळे आकडे वाचले त्याने. उजवा डोळा उत्तम. डाव्याला पाऊण नंबर निघाला. त्याला स्वतःलाही माहीत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, डेकला चालणार नाही.

येताना गाडीत एक शब्द बोलला नाही. पनवेलपासून खिडकीला डोकं लावून. मला हायसं वाटायला हवं होतं ना? तसं वाटलं नाही, हे इथे लिहून ठेवते.

---

बॉयलरसूट | १९ जानेवारी, रात्री १०:२२

सहा आठवडे हा धागा वाचतोय आणि डेकवाल्यांनी इंजिनचं नावही काढलं नाही. नेहमीचंच आहे, आम्ही खालीच असतो.

ताई, इंजिनला चष्मा चालतो, ठराविक नंबरापर्यंत. पाऊण म्हणजे काहीच नाही. रंगांची टेस्ट पास आहे ना, मग झालं. बीटेक मरीन इंजिनिअरिंग, चार वर्षं, तीच आयएमयू सीईटी, तेच ६० टक्के. पुढे सहा महिने जहाज आणि क्लास फोरची, म्हणजे इंजिनच्या ऑफिसरची पहिली, परीक्षा. नाहीतर तुमचं मूळचं इंजिनिअरिंग करू द्या, मेकॅनिकल, आणि तेव्हाही खाज असेल तर त्यानंतर एक वर्षाचा जीएमई, म्हणजे ग्रॅज्युएट मरीन इंजिनिअरिंगचा, कोर्स. मी तसाच आलो. चार वर्षांत नाद सुटला तर हातात मेकॅनिकलची डिग्री आहेच. स्पॉन्सरशिपबद्दल ध्रुवताराने लिहिलं ते इथेही तसंच लागू.

---

वाशिष्ठी | २० जानेवारी, सायंकाळी ५:४७

आईच्या आयडीवरून लिहितोय. मी सगळा धागा वाचला. ते धर्मशाळेचं मी करून बघितलं, माझं पहिल्यांदाच ८ आलं.

बॉयलरसूट काका, इंजिनरूममधून समुद्र दिसतो का?

---

बॉयलरसूट | २० जानेवारी, सायंकाळी ७:३०

नाही. आपण पाण्याच्या पातळीखाली असतो. ४० डिग्रीच्या वर गरम, कानाला मफ, बोलायचं हाताच्या खुणांनी.

पण कळतो. रिकामं जहाज मोठ्या लाटेवर चढलं की मागचा पंखा पाण्याबाहेर येतो, इंजिन एकदम मोकळं सुटतं, पायाखालच्या जाळीतून थरथर चढते. मग पंखा परत पाण्यात बसतो आणि सगळं जड होतं. बघितल्याशिवाय सांगता येतं की बाहेर लाट केवढी आहे.

वॉच संपला की वर डेकवर ये, कोणी अडवत नाही. ध्रुवतारा तिथेच उभा असेल, दोन्ही बाजूंना बघत. त्याला म्हण, चहा टाक.